सोम : वेल की अळंबे?

कवितेत सोमरसाचा उल्लेख आला की ‘सोम म्हणजे एक वेल’ असे मी कित्येक वर्षे वर्गात निःशंकपणे सांगत आलो. गॉर्डन वॉसन यांचा १९६८ सालचा ग्रंथ वाचला आणि ती निःशंकता डळमळली. ऋग्वेदात सोमाची मुळे, पाने, बीज यांचे वर्णन नाही. म्हणून तो ‘अमानिता मस्कारिया’ हे अळंबे असावा, असा त्यांचा सिद्धान्त. तांबड्या छत्रीवर पांढरे ठिपके असलेले हे अळंबे भूर्ज, पाइन यांच्या मुळांशी सहजीवनाने वाढते. वाळवल्यावर त्यातील आयबोटेनिक आम्लाचे मस्सिमॉल या अधिक मादक द्रव्यात रूपांतर होते; कामचाटकातील कोर्याक लोक ते वाळवूनच खात. जॉन ब्रफ यांनी मात्र १९७१ साली वॉसन यांच्या ऋचांच्या अर्थनिर्णयावरच आक्षेप घेतले. एफेड्रा या झुडपाचा पक्षही बलवान आहे.

मला खटकले ते निराळेच. ‘सोमवल्ली’ हा उत्तरकालीन शब्द मी ऋचांवर लादत होतो आणि विद्यार्थी तो निमूटपणे उतरवून घेत होते. आता तिन्ही मते मांडून मी थांबतो. वर्गात ‘निश्चित ठाऊक नाही’ असे म्हणण्यासाठी मला चाळिशी ओलांडावी लागली.