नाव नसलेले दगड

छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्या माणसास एक बिनपगारी नोकरी आपोआप लागते, ती म्हणजे वाटाड्याची. पाहुणे आले की त्यांस मकबरा, पाणचक्की, देवगिरी आणि वेरूळ दाखविणे हे आमच्याकडे चहापाण्याइतकेच अपरिहार्य मानले जाते. तीस वर्षे ही नोकरी इमानाने बजावल्यामुळे बीबीच्या मकबऱ्याची हकीकत आम्हांस आता तोंडपाठ झाली आहे. औरंगजेबाची बेगम दिलरसबानू हिची ही कबर. मुलाने आईसाठी बांधविली, असे सांगतात. खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे. दरवाजावर अताउल्ला आणि हंसपतराय ही बांधणाऱ्यांची नावे. एवढे सगळे ऐकून घेतल्यावर पाहुणे म्हणतात, "ताजमहालाची सर नाही हो याला!" आणि आम्ही, जणू तो आमचाच अपराध आहे अशा मुद्रेने, मान डोलवितो. तथापि गेले कोण, बांधले कोणी आणि पैसे किती लागले, एवढे तरी स्मारकाने सांगितलेच पाहिजे, अशी या नोकरीमुळे आमची समजूत होऊन बसली होती.

गेल्या हिवाळ्यात आमच्यावरच पाहुणा होण्याची पाळी आली. नागपुरास मेहुण्यांकडे गेलो असता त्यांनी आम्हांस न विचारता एका दिवसाच्या सहलीत आमचे नाव घालून टाकले. आमचे मन मात्र सहलीत नव्हते. वडील जाऊन वर्ष होत आले होते. गावी शेतात त्यांच्या नावाचा ओटा बांधून त्यावर संगमरवरी पाटी बसवावी, असा आमच्या धाकट्या बंधूंचा आग्रह होता, आणि "पाटी वाचणार कोण?" असे आम्ही एकदा बोलून गेलो होतो. त्या एका वाक्यापायी चार महिने आम्हां दोघांचे बोलणे खुंटले होते.

काटोलच्या रस्त्याने शहराबाहेर पडून आम्ही जुनापाणीस उतरलो. प्रथमदर्शनी घोर निराशा झाली. सुकलेले गवत, झुडपे आणि इतस्ततः पडलेले काळे धोंडे! कैलास लेण्याच्या सावलीत वाढलेल्या डोळ्यांनी यात पाहावे तरी काय? परंतु आमचा वाटाड्या, पुरातत्त्वाचा अभ्यास केलेला एक तरुण, मोठा चतुर होता. व्याख्यान न देता त्याने आम्हांस धोंड्यांच्या कडेकडेने चालावयास लावले. चालता चालता आम्ही निघालो तेथेच परत येऊन पोहोचलो, आणि तो विखुरलेला पसारा एकाएकी वर्तुळ होऊन बसला. मग जिकडे पाहावे तिकडे वर्तुळेच दिसू लागली.

अशी सुमारे ३०० शिळावर्तुळे त्या परिसरात आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील, लोखंड वापरणाऱ्या लोकांची ही दफनस्थाने. रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने १८६७ साली येथे प्रथम खणून पाहिले. पुढे १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वतीने बी. के. थापर यांनी उत्खनन केले. मडकी निघाली, लोखंडी हत्यारे निघाली. जवळच्या माहुरझरीस तर घोड्याच्या तोंडावर चढविण्याचे तांब्याचे अलंकार मिळाले. काही धोंड्यांवर वाटीसारखे लहान लहान खळगे ओळीने कोरलेले असतात; त्यांचा अर्थ आज कोणीही खात्रीने सांगू शकत नाही.

आमच्यातील वाटाड्या जागा होऊन आम्ही विचारले, "पण ही कबर कोणाची?"

"नाव कोणासच ठाऊक नाही," तो तरुण म्हणाला. "त्यांची भाषासुद्धा ठाऊक नाही. पण हा धोंडा एकट्याने हलवून पाहा."

आम्ही हात लावून पाहिला. तो हलला नाही, आमची कंबर मात्र हलली. मंडळी हसली, परंतु आम्हांस पुढे फारसे हसू आले नाही. कोणाच्या तरी मृत्यूनंतर पुष्कळ माणसे येथे जमली होती, आणि त्यांनी एकत्र जोर लावला होता, एवढे तो धोंडा स्वच्छ सांगत होता.

दुपारी रामटेकचा डोंगर चढलो. तेथील केवल-नरसिंहाच्या देवळात पाचव्या शतकातील वाकाटकांचा शिलालेख आहे. राणी प्रभावतीगुप्ता हिच्या स्मरणार्थ तिच्या मुलीने केलेल्या धर्मकृत्याची ती नोंद असावी, असे अभ्यासक मानतात. लेख इतका झिजला आहे की मायलेकींचे नाते विद्वानांस अक्षरे जुळवून काढावे लागले. आम्ही मकबऱ्याचा दरवाजा आठवला, सकाळचे वर्तुळ आठवले, आणि बंधूंची संगमरवरी पाटी आठवली. पाटी वाचणार कोण, हा आमचा प्रश्न खोटा नव्हता. पण तो बापाच्या मुलाने विचारावयाचा नव्हता.

रात्री बंधूंना फोन केला. "दादा? सगळे ठीक ना?" असे त्यांनी घाबरून विचारले.

"ठीक आहे. पाटी तुझ्या मनासारखी बसव. पण ओट्याचे दगड विकत आणावयाचे नाहीत. बांधावरचे आपण दोघांनी उचलावयाचे."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग आवाज आला, "तुमची कंबर?"

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी ओटा पुरा झाला. पाटीवरील अक्षरे किती वर्षे टिकतील, ते देव जाणे. तळच्या थरातील सर्वांत मोठा धोंडा मात्र एकट्याने हलणारा नाही, हे आम्ही दोघे जाणतो.