श्रीखंडाच्या डब्यातला कुलाबा

शनिवार-रविवार मोकळा आहे, हवा बरी आहे आणि मॉल-मल्टिप्लेक्सचा कंटाळा आलाय? मग मंडळी, किल्ला बांधायला चला! नाही, दिवाळी आलेली नाही आणि सोसायटीच्या आवारात माती कालवायची नाहीये. अलिबागला जायचं, समुद्रातल्या खऱ्याखुऱ्या कुलाबा किल्ल्यासमोर फतकल मारून बसायचं आणि वाळूत त्याची नक्कल उभी करायची. घरात पोरं असतील तर उत्तमच. नसतील तरी लाजायचं कारण नाही. आठवडाभर एक्सेलशी झटापट करणाऱ्या तिशीतल्या माणसांचे हात एकदा ओल्या वाळूत गेले की ती चहालासुद्धा उठत नाहीत!

खर्च जाण्यायेण्याचा आणि जेवणाचा. बाकी सामान घरातच आहे, सुक्या कचऱ्याच्या डब्यात.

जुहूपासून कळंगुटपर्यंत कुठल्याही गर्दीच्या बीचवर जा, जाळीच्या पिशवीतला तो सेट टांगलेला दिसतोच. लाल बादली, पिवळं फावडं, हिरवं दंताळं, मासा आणि चांदणीचे साचे. पोरं हट्ट करतात, आपण घेऊन टाकतो. ओल्या वाळूत जरा जोर लावला की ते पातळ फावडं दांड्यापाशी कडकन मोडतं. मोडका तुकडा तिथेच पडतो, भरती येते आणि तुकडा 'जातो'. जातो म्हणजे काय, तर थोडा पुढे जाऊन परत किनाऱ्यालाच लागतो. उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होतं, लाटांनी त्याचे तुकडे पडतात, तुकड्यांचे आणखी तुकडे. कुजत मात्र ते नाही. शेवटी ते वाळूच्या कणाएवढं होतं, आणि मग ते वेचणार कोण आणि कशाने?

मोठे तुकडे निदान वेचता येतात. मुंबईत वर्सोव्याला अफरोज शाह या तरुण वकिलाने ऑक्टोबर 2015 मध्ये हेच सुरू केलं. आधी एका शेजाऱ्याला बरोबर घेऊन, मग दर वीकएन्डला शेकडो लोकांसोबत. 2016 मध्ये त्याला संयुक्त राष्ट्रसंघाचा 'चॅम्पियन ऑफ द अर्थ' पुरस्कार मिळाला आणि मार्च 2018 मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. पण वेचून काढणं हे टाकण्याच्या मागे धावणं झालं. नवीन टाकायचंच नाही, हे जास्त सोपं. आणि खेळण्यांपुरतं तर फारच सोपं.

घरातल्या रिकाम्या डब्यांवर एक नजर टाका. फरशी पुसायच्या लिक्विडचा पाच लिटरचा कॅन, मुठीचा. बूच घट्ट लावा, कॅन आडवा धरा आणि बुडाकडून तिरका कापा. झालं सुपडं! बाजारातल्या फावड्यापेक्षा तिप्पट वाळू उचलतं आणि मूठ मोडत नाही. श्रीखंडाचा अर्धा किलोचा डबा म्हणजे आयता बुरूज. तळाशी अरुंद, तोंडाशी रुंद, त्यामुळे पालथा घातला की वाळू अलगद सुटते. आइस्क्रीमचा चौकोनी टब म्हणजे तटबंदीची वीट. काच पुसायच्या लिक्विडची स्प्रेची बाटली चार वेळा धुऊन घ्या, ती फार कामाची आहे. बॉलपेनची रिकामी नळी कोरलेल्या दारातली सुटी वाळू फुंकून काढायला. आणि मुदत संपलेलं क्रेडिट कार्ड! तटाची भिंत गुळगुळीत तासायला याच्याइतकं धारदार आणि लवचिक दुसरं काही नाही. (मुदत न संपलेलंही चालतं, पण चिप खारवायची असेल तरच.)

सगळ्यात भारी वस्तू मात्र रंगाची रिकामी बादली. रंगकाम झालेल्या प्रत्येक घरात ती कपडे भिजवायला नाहीतर तुळस लावायला राहतेच. तिचा तळ हॅक्सॉने कापून टाका. ही बिनबुडाची बादली वाळूवर पालथी ठेवायची, म्हणजे रुंद तोंड खाली. वरून थोडी थोडी ओली वाळू घालायची, प्रत्येक थर मुठीने ठोकायचा आणि भरली की बादली सरळ वर काढून घ्यायची. मागे उभा राहतो तो घट्ट खांब. जगभरातले सॅन्ड आर्टिस्ट थोड्याफार फरकाने हेच करतात. फक्त त्यांचे साचे माणसाएवढे असतात.

कापताना थोडी काळजी हवी. पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक कापल्यावर त्याची कड ब्लेडसारखी होते, म्हणून तिला कापडी टेप लावा. जाड डब्यांच्या कडा पॉलिश पेपरने घासा. सुरी तापवून कापायचा शॉर्टकट नको, तो धूर नाकात जाण्यासारखा नसतो. डब्याच्या बुडाशी त्रिकोणात 2 किंवा 5 आकडा असेल तर ते प्लास्टिक जाड आणि चिवट, आपल्या कामाचं. 3 असेल तर ते पीव्हीसी, त्याला हात लावू नका. ज्या डब्यात फिनेल, अ‍ॅसिड किंवा कीटकनाशक होतं, तो कितीही धुतला तरी खेळायला घ्यायचा नाही.

टाकाऊतून खेळणी हा आपल्याकडचाच खेळ आहे. पुण्याला 'आयुका'च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं हेच केलं. सायकलच्या ट्यूबा, आगपेटीच्या काड्या, स्ट्रॉ, बाटल्या यांतून विज्ञान शिकवणारी शेकडो खेळणी! 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आता एक खुलासा. हे सगळं रिसायकलिंग नव्हे, हा 'पुनर्वापर'. रिसायकलिंग म्हणजे प्लास्टिक वितळवून नवीन वस्तू, आणि तेही होतं. कॅलिफोर्नियातली 'ग्रीन टॉइज' ही कंपनी दुधाच्या जुन्या कॅनपासून बीचची खेळणी बनवते. पण हे वाटतं तितकं सरळ नाही. 'लेगो'ने 2021 मध्ये जुन्या बाटल्यांपासून बनवलेली वीट मोठ्या दिमाखात दाखवली आणि 2023 मध्ये तो बेत सोडून दिला. त्या विटांसाठी नवीन यंत्रसामग्री उभारली असती, तर एकूण कार्बन कमी नाही, उलट वाढला असता असा हिशेब निघाला. लेबलं वाचतानाही जरा डोळे उघडे ठेवा. 'ओशन-बाउंड' लिहिलं असेल तर ते प्लास्टिक समुद्रातून काढलेलं नसतं, समुद्राकडे जाऊ शकलं असतं असं किनाऱ्याजवळच्या भागातून गोळा केलेलं असतं. वाईट नाही ते, पण वेगळं आहे. शिवाय आपल्याकडे 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. जाळीच्या पिशवीतल्या त्या सेटवर तो दिसतो का, बघा.

सामान झालं. आता मुहूर्त! आणि इथे खरंच भिंतीवरचं कालनिर्णय लागतं. मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे साधारण तीनला पूर्ण भरती. दशमीला साडेसात. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. ढोबळ हिशेब आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. किल्ल्यात चालत जायचं असेल तर नक्की वेळ तिथल्या माणसांना विचारून घ्याच. पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं. दुपारी बाराच्या सुमाराला पाणी पार वर चढतं आणि संध्याकाळी सहापर्यंत इतकं आत जातं की समोर ओल्या वाळूचं मैदानच पसरतं. असा शनिवार पकडा. दुपारची झोप काढून चारला किनाऱ्यावर या. पाणी तुमच्यापासून लांब लांब जात असतं आणि ऊन उतरत असतं.

समोर कुलाबा. शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला, संभाजी महाराजांच्या काळात पुरा झालेला आणि पुढे आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं झालेला. 2025 च्या जुलैत नव्हे, तर आधीपासूनच त्याच्यावर थोडा अन्यायच होत आलाय असं मला वाटतं. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत 2025 मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात इथून जवळचा खांदेरी आहे, कुलाबा नाही. पण ओहोटीला आपल्या पायांनी चालत जाता येतं असा जलदुर्ग खांदेरी नव्हे, हा आहे. पायी नको असेल तर घोडागाडी आहेच. आत सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, चारी बाजूंना खारं पाणी असूनही गोड्या पाण्याची पुष्करणी आहे. आणि पाहायची मुख्य गोष्ट म्हणजे तट. दगडाचे प्रचंड चिरे नुसते एकावर एक रचलेत, सांध्यात चुना नाही. लाट आपटली की पाणी फटींत शिरतं, तिचा जोर तिथेच जिरतो. चुन्याशिवाय साडेतीनशे वर्षांच्या घरात पोचलेला हा तट हाताने चाचपून या, मग आपल्या बांधकामाला बसा.

कारण आपल्याही किल्ल्यात चुना नाही. वाळू धरून ठेवतं ते पाणी. दोन कणांच्या मध्ये पाण्याचा इवलासा पूल तयार होतो आणि तो दोघांना एकमेकांकडे ओढतो. पाणी नसेल तर पूल नाही. पाणी फार झालं तर सगळ्या फटी भरतात, पूल नाहीसे होतात आणि बुरूज खिरीसारखा पसरतो. इंग्लंडमधल्या बोर्नमथ विद्यापीठात 2004 मध्ये चक्क याचा अभ्यास झाला. आठ बादल्या कोरड्या वाळूला एक बादली पाणी, असं प्रमाण तिथे निघालं. पुढे 2012 मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की नीट ठोकलेल्या वाळूला त्याहूनही खूप कमी पाणी पुरतं. शिवाय उंची दुप्पट हवी तर पाया जवळजवळ तिप्पट रुंद हवा, हेही त्यांच्याच सूत्रातून निघतं. पोरांचे उंच सुळके धपाधप का कोसळतात, कळलं?

हे प्रमाण किनाऱ्यावर मोजत कोण बसणार! त्यापेक्षा लाडू वळा. रव्याचा लाडू वळताना मिश्रण कोरडं वाटलं तर आपण दुधाचा हबका मारतो, तसा इथे पाण्याचा मारायचा. वळलेला लाडू या हातातून त्या हातात झेला. फुटला नाही आणि बोटांतून पाणीही गळलं नाही, तर वाळू तयार! अलिबागची वाळू काळसर आणि बारीक. काळा रंग सह्याद्रीच्या कातळाचा, मधले पांढरे ठिपके शिंपल्यांच्या चुऱ्याचे. पुढे तीसेक किलोमीटरवर काशीदला वाळू पांढरी, फोटोला छान. पण बांधकामाला बारीक कणांची वाळू जास्त धरते, म्हणून माझं मत अलिबागलाच.

बादलीचे खांब उभे राहिले की कोरायचं वरून खाली. आधी बुरुजाचं डोकं, मग तट, दरवाजा सगळ्यात शेवटी. उलट केलंत तर वरची माती खालच्या नक्षीवर पडते. दर दहा मिनिटांनी स्प्रे मारत राहा, कारण वाऱ्याने पाण्याचे ते पूल सुकतात. कुलाब्याला खेटून सर्जेकोट नावाचा छोटा कोट आहे, तो विसरू नका. दोघांना जोडणारी वाटही करा, तिथे क्रेडिट कार्ड आडवं चालवायचं. मावळे म्हणून शंख-शिंपले.

बुरूज पडले तर पडू द्या, भरतीला सगळंच जाणार आहे. मात्र दोन कामं राहू देऊ नका. वाळू काढलेले खड्डे बुजवा. अंधारात त्यात घोड्याचा पाय मुरगळतो, माणसाचाही. दक्षिणेला वेळास-आंजर्ल्याच्या किनाऱ्यांवर तर हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत कासवांची वीण असते. तळहातावर मावणारं पिल्लू अशा खड्ड्यात पडलं तर त्याला वर येता येत नाही. आणि दुसरं म्हणजे डबे मोजा. येताना सात आणले तर जाताना सात. आपलं सुपडं वाहून गेलं तर तेही त्या लाल बादलीइतकंच कचरा आहे, ते घरी बनवलंय म्हणून समुद्र त्याला सवलत देत नाही. पोरांना ही मोजणी करायला द्या. एक डबा कमी भरला की तो सापडेपर्यंत ती तुम्हाला हलू देत नाहीत!

जाल कसे? मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने गाडीसकट मांडवा, तासाभरात. तिथून अलिबाग वीसेक किलोमीटर. पुणेकरांना खोपोली-पेणमार्गे. उन्हाळ्याच्या तोंडाशी गेलात तर पांढऱ्या कांद्याची माळ आणा, 2022 मध्ये त्याला जीआय मानांकन मिळालंय आणि तो कच्चा खायलाच गोड लागतो. हो, आणि डिकीत टाल्कम पावडरचा डबा ठेवा. पायांवर ती भुरभुरवून हात फिरवला की चिकटलेली वाळू झटक्यात सुटते. सीट कव्हरं परवाच धुतली असतील तर विशेष.