पाण्याचा मालक कोण?

ऑफिसमधल्या पाण्याच्या बाटल्या बंद करायच्या मोहिमेचा मी स्वयंघोषित सेनापती होतो. (आयटीतला माणूस कोड सोडून बाकी कुठलंही काम उत्साहानं करतो, हे तुम्हाला ठाऊक असेलच.) बाणेरमधलं आमचं ऑफिस, साठेक माणसं. मीटिंग रूममध्ये अर्ध्या लिटरच्या बाटल्या, पँट्रीत २० लिटरचे जार. मीटिंग संपली की टेबलावर दोन-दोन घोट प्यायलेल्या बाटल्यांची रांग. ते उरलेलं पाणी पँट्रीतले मामा कुंड्यांना घालायचे. आमच्या मनीप्लांटइतकं महागडं पाणी पुण्यात दुसऱ्या कुठल्या झाडाला मिळालं नसेल!

जारचं दुखणं वेगळं. २० लिटर म्हणजे २० किलो, वर जारचं वजन. तो उचलून, उलटा करून कूलरवर बसवायचा. मामांचं वय पन्नाशीच्या पुढचं. एकदा जार बसवून झाल्यावर ते कमरेवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिलेले दिसले, आणि मी त्याच दिवशी ॲडमिनला मेल टाकला.

विरोध झालाच. "सीलबंद पाणी सेफ असतं रे." आता सील म्हणजे काही देवाची शपथ नव्हे. २००३ साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटनं दिल्ली-मुंबईकडचं बाटलीबंद पाणी तपासलं, तेव्हा त्यात कीटकनाशकांचे अंश सापडले होते. त्यानंतर नियम कडक झाले. मी सॅन फ्रान्सिस्कोचाही दाखला दिला. २००७ साली तिथल्या मेयरनं पालिकेच्या पैशानं बाटलीबंद पाणी घेणं बंद केलं, कारण नळाला डोंगरातल्या जलाशयाचं उत्तम पाणी येतंच. जलाशयाचं नाव हेच हेची. (शपथ, असंच आहे.) मग आपलं खडकवासला काय वाईट?

पुढचा वाद आरओ की यूव्ही. मी टीडीएस मीटर विकत आणला. नळाचं पाणी ९० भरलं. आपल्या मानकाप्रमाणे लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार चालतात. इतक्या गोड पाण्याला आरओ लावायचा म्हणजे एक लिटर प्यायला दोन-तीन लिटर गटारात. म्हणून कार्बन, बारीक पडदा आणि यूव्ही दिवा असलेलं मशिन घेतलं. फोटोबिटो काढले. सगळे खूश.

मामांनी तेवढं विचारलं, "सर, ह्याचा फिल्टर बदलायचं कोण बघणार?"

"एएमसी आहे ना मामा," मी म्हणालो आणि विसरून गेलो.

आठेक महिन्यांनी पाण्याला कुबट वास यायला लागला. दोघांची पोटं बिघडली. पाण्यानंच बिघडली असं छातीठोकपणे नाही म्हणता येणार, खाली वडापावची गाडीही आहे. मी मोठ्या ऐटीत मीटर बुडवला. ९२! "पाणी एकदम ओके," असं जाहीरही करून टाकलं.

हा माझा गाढवपणा. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. जंतू किती, याच्याशी त्या आकड्याचा काडीचा संबंध नाही. पण स्क्रीनवर आकडा दिसला की आम्हा लोकांचा लगेच विश्वास बसतो.

मशिन उघडलं तर कार्बनची कांडी बुळबुळीत झालेली. कार्बन क्लोरीन काढतो, म्हणून पाण्याचा वास जातो आणि चव सुधारते. पण जंतूंना रोखून धरणारं तेच क्लोरीन असतं. ते गेलं की कार्बनमधून पुढे गेलेलं, टाकीत साठलेलं पाणी उघडं पडतं. आणि कार्बन जुना झाला की जंतू त्यातच संसार थाटतात. यूव्ही दिवाही जुना होतो. निळा उजेड दिसत राहतो, जोर मात्र कमी झालेला असतो. आतल्या सर्व्हिस कार्डावर एकच तारीख होती, मशिन बसवल्याची. एएमसी ज्याच्या नावावर, तो केव्हाच नोकरी सोडून गेलेला. स्मरणपत्रं त्याच्या बंद झालेल्या मेलवर जात होती.

म्हणजे बघा, बाटली घेताना आपण पाण्याबरोबर जबाबदारीही दुसऱ्याच्या गळ्यात घालतो. मशिन आणलं की ती आपल्याकडे येते, आणि आपण तिला नाव-गाव न देता कोपऱ्यात उभी करतो. प्रॉडक्शनमध्ये बिनमालकाची सर्व्हिस चालली असती का?

आता मशिनवर मोठं कार्ड आहे. कांडी, दिवा, टाकीची सफाई, सगळ्याच्या तारखा, आणि दर सहा महिन्यांनी लॅबमध्ये जंतूंची तपासणी. जबाबदारी मामांची, पगारात त्याचे वेगळे पैसे धरून. त्यांनी एकच अट घातली, "सही माझी, तर बंद करायचा हक्कपण माझा."

गेल्या महिन्यात ऐन रिलीजच्या दिवशी त्यांनी तो वापरला. कांडीची तारीख उलटली होती, मेकॅनिक दुसऱ्या दिवशी येणार होता. मामांनी सरळ प्लग काढला. मॅनेजर चिडले, बरंच बोलले. मामा ढिम्म हलले नाहीत. शेवटी एका दिवसापुरता जार मागवला.

तो जार मी चढवला. २० किलो म्हणजे किती, ते तेव्हा कळलं.