कुरआनचे आव्हान आणि आम्ही

आम्ही भावंडे लहान असताना आमच्या माळवदाच्या घरातला सर्वांत वरचा कोनाडा कुरआन शरीफसाठी राखलेला असे. हिरव्या मखमलीच्या जुजदानातला तो ग्रंथ वजूशिवाय उतरवायचा नाही, त्याच्याकडे पाय करून झोपायचे नाही, खाली ठेवायचा तर रेहलवरच, हे अम्माचे दंडक होते. फजरनंतर आम्ही मशिदीतल्या मकतबमध्ये जात असू. कायदा संपला, अम्म पारा संपला, मग एकेक करत तीसही सिपारे झाले. खतम झाला त्या दिवशी गळ्यात झेंडूचा हार पडला आणि मोहल्ल्यात बत्तासे वाटले गेले. 'ऐन' घशातून कसा काढायचा, कुठे थांबायचे, कुठे स्वर लांबवायचा, हे आम्हाला उत्तम येत होते. आपण काय वाचले, हे मात्र आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते.

मकतबनंतर मराठी शाळा. तिथे मराठी शिकवणाऱ्या सरांचा आमच्यावर फार जीव. एकदा ते वर्गात अलंकार शिकवत असताना आमच्या थोरल्याने उठून अभिमानाने सांगितले, "सर, आमच्या कुरआनसारखी भाषा जगात कोणालाच लिहिता येत नाही. तसे आव्हानच आहे." सरांनी टिंगल केली नाही. उलट आनंदाने म्हणाले, "वा! मग थोडे म्हणून दाखव, आणि त्यात सौंदर्य कुठे आहे ते आम्हाला समजावून सांग." थोरल्याने म्हणून दाखवले. वर्ग चिडीचूप झाला. पण समजावून सांगायची वेळ आली तेव्हा तो मुकाट्याने खाली बसला. घरी येऊन त्याने हे सांगितले तेव्हा आम्हा सगळ्यांचीच मान खाली गेली. दावा आमचा होता, पण त्याची साक्ष आम्हाला देता येत नव्हती.

कुरआन अनुपम आहे, माणसाला त्यासारखे काही रचता येणार नाही, या श्रद्धेला 'इजाज' म्हणतात. इजाज म्हणजे समोरच्याला आजिज करणे. मोजिजा हा शब्दही त्याच धातूतला. इतर पैगंबरांचे मोजिजे त्या त्या काळातल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिले, मुहम्मद पैगंबरांचा (स.) सर्वांत मोठा मोजिजा म्हणजे हा ग्रंथ, असे आपण मानतो. न मानणाऱ्यांना कुरआनने आव्हान दिले. सूरह हूदमध्ये अशा दहा सूरह रचून आणा म्हटले आहे, तर सूरह यूनुस आणि सूरह बकरामध्ये एकच पुरे म्हटले आहे. सर्वांत लहान सूरह अल-कौसर अवघ्या तीन आयतींची. आम्हाला ती बोबड्या वयापासून पाठ आहे.

हे आव्हान कोणाला होते, हा विचार मात्र आम्ही फार उशिरा केला. ते होते शब्दांवर जीव टाकणाऱ्या अरबांना. ज्यांच्याकडे कवी हा कबिल्याचा मान होता, त्यांना. सहीह बुखारीत जुबैर बिन मुतइम यांची हकीकत आहे. बद्रच्या लढाईनंतर कैद्यांच्या सुटकेसाठी ते मदीनेत आले होते. तेव्हा ते मुसलमान नव्हते, विरोधी गोटातले होते. मगरिबच्या नमाजमध्ये पैगंबर (स.) सूरह अत्-तूर पढत होते. तुम्ही शून्यातून आपोआप निर्माण झालात का, की तुम्हीच निर्माते आहात, अशा अर्थाचे प्रश्न कानावर पडले आणि आपले काळीज उडून जाते की काय असे त्यांना झाले. त्या प्रश्नांच्या अगदी आधीच्या आयतीत, असे वचन तुम्ही आणून दाखवा, हे आव्हानही आहे. जुबैर हलले ते केवळ सुरावटीने नव्हे. त्यांना प्रश्न कळला होता.

मग आम्हा अजमींचे काय? याचे उत्तर आम्हाला अब्दुल काहिर जुर्जानी यांच्याकडे मिळाले. इ.स. १०७८च्या सुमारास वारलेले हे विद्वान इराणातल्या गुर्गानचे. अरबी त्यांनी शिकून कमावली आणि 'दलाइलुल इजाज' हा या विषयावरचा मोलाचा ग्रंथ लिहिला. त्यांच्या आधी नज्जामसारखे काही विचारवंत म्हणत, की लोकांना तसे रचता आले असते, पण अल्लाहने त्यांची ती शक्तीच रोखली. बहुतेक विद्वानांना हे पटले नाही, कारण मग थोरवी ग्रंथाची उरत नाही. जुर्जानी म्हणाले, थोरवी सुट्या शब्दांत नाही, शब्दांच्या गुंफणीत आहे, नज्ममध्ये आहे.

त्यांचे एक उदाहरण आम्हाला फार आवडते. सूरह मरियममध्ये हजरत जकरिया (अलै.) आपल्या म्हातारपणाविषयी बोलतात. डोक्यावरच्या केसांत पांढरेपणा पेटला, असे ते म्हणत नाहीत. पांढरेपणाने डोकेच पेटले, अशा रचनेत बोलतात. जुर्जानी विचारतात, घरात आग पेटली आणि घर आगीने पेटले, यांत फरक नाही का? पहिल्या वाक्यात आग एखाद्या कोपऱ्यात असू शकते. दुसऱ्यात काहीच शिल्लक राहत नाही. हे वाचले आणि आम्ही चकित झालो. हा फरक तर मराठीतही तसाच उतरतो! कर्त्याची जागा बदलली आणि एका माणसाचे सारे आयुष्य पांढरे झाले. सरांना हवे होते ते हेच.

आपल्या श्रद्धेची आम्ही एक सोयीस्कर पळवाट करून टाकली आहे, असे आता वाटते. ग्रंथ अनुपम आहे, म्हणून भाषांतर होत नाही; भाषांतर होत नाही, म्हणून अर्थाच्या वाटेला जायचे नाही. पण जाणत्यांनी असे केले नाही. अठराव्या शतकात शाह वलीउल्लाह यांनी फारसीत आणि पुढे त्यांच्या मुलांनी उर्दूत कुरआन आणला. निजामाच्या हैदराबादेत नोकरीला असलेल्या पिकथॉल यांनी १९३० साली इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. कुरआनचे भाषांतर होऊ शकत नाही असे मानणाऱ्या या माणसाने ग्रंथाच्या नावातच 'अर्थ' हा शब्द घातला. मूळ गाठता येत नाही हे कबूल करायचे आणि तरीही चालत राहायचे, ही त्यांची रीत. मराठीतही भाषांतरे झाली आहेत. ती आमच्या कपाटात होती, वाचली जात नव्हती.

अम्मा अंथरुणाला खिळली तेव्हा आम्ही आळीपाळीने तिच्या उशाशी बसत असू. चाश्तच्या वेळी तिला सूरह अज-जुहा ऐकायची असे. साठ-पासष्ट वर्षे तिने ती रोज पढली होती. एके दिवशी धाकटीने अरबी वाचून झाल्यावर मराठी अर्थही वाचला. वही येणे थांबली तेव्हा पैगंबरांना (स.) दिलेला तो दिलासा, की तुझ्या रब्बने तुला सोडलेले नाही. मग ती आठवण, की तू अनाथ होतास, त्याने तुला आसरा दिला.

अम्मा चार वर्षांची असताना तिचे आईबाप गेले होते. मामांनी तिला वाढवले. ती बराच वेळ छताकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "ये इसमें लिखा है?" आणि थोड्या वेळाने, "अब वहीच अरबी में पढ, बेटी."

धाकटीने पुन्हा वाचले. आयती त्याच, आवाजही तोच. पण अम्मा या वेळी प्रत्येक आयतीवर मान हलवत होती.

त्या दिवशी आम्हाला दोन गोष्टी एकदम कळल्या. पासष्ट वर्षे तिच्यापर्यंत जे पोहोचायला हवे होते, ते तिच्या हातात असून पोहोचले नव्हते. याला आम्हीच जबाबदार होतो, शिकलेली मुले. आणि अर्थ कळल्यावरही ती मराठीवर थांबली नाही, मुळाकडे परत गेली. तिने इजाज हा शब्द कधी ऐकला नसेल. पण भाषांतरात काय येते आणि काय मागे राहते, हे तिला आमच्याआधी समजले.

अम्मा गेली. तिचे जुजदान आता कोनाड्यात नाही, बैठकीच्या टेबलावर असते. शेजारी मराठी भाषांतर असते, अरबी शब्दकोश असतो. आमच्यातले दोघे उतारवयात अरबीचे व्याकरण शिकत आहेत, चुकत आहेत. सरही आज नाहीत. असते तर त्यांच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर घेऊन आम्ही गेलो असतो, आणि उरलेले निम्मे अजून शिकतो आहोत, असे सांगितले असते.