शनिवारची रात्र, कुलाब्याची

सोयाबीनची सोंगणी आटोपली की दोन दिवस मुंबई, असं तिचं नि माझं ठरलंय. अनसिंगहून एसटीनं वाशीम, पुढं अकोला, तिथून रात्रीची विदर्भ एक्सप्रेस. घरी सांगायला तिच्या मावसबहिणीचं लग्न आहेच. लग्नाला कुणी नाही म्हणत नाही!

कुलाब्यात रेडिओ क्लबजवळ, समुद्राला लागून, व्हूडू नावाचा पब होता. शनिवारी तिथं समलिंगी मंडळी जमायची, तीही अशा संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 मानेवर असताना. अशोक राव कवींनी 1990 मध्ये समलिंगींसाठी 'बॉम्बे दोस्त' मासिक काढलं, 1994 मध्ये 'हमसफर ट्रस्ट' उभा राहिला. पण या साऱ्यात पुरुषच फार. बायकांचा 'स्त्री संगम' 1995 चा, तोच पुढं 'लेबिया' झाला. पबमध्ये मात्र बायका कमीच. दहानंतर घराबाहेर राहायची मुभा आधी मिळवावी लागते, मग टॅक्सीचे पैसे, नाच त्याच्याही नंतर.

6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टानं आम्हाला गुन्हेगारांच्या यादीतून काढलं. लॉजवाल्यांनी तर कधी घातलंच नव्हतं. दोघींची आधार कार्डं बघतात, 'बहिणी का?' विचारतात नि एका खोलीची चावी देतात. मुलगा-मुलगी असते तर छप्पन्न प्रश्न. लोकांचं अज्ञान असं पथ्यावर पडतं, त्याचा राग यावा की हसू, मला अजून ठरवता येत नाही.

तिला कुठल्याही पबपेक्षा मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसायचंय. मी म्हटलं, आधी नाच. तिकीट अजून वेटिंगलाच आहे.