कारण लिहिलं, तरच कोड बोलतो

वारज्यातल्या घरून मी अमेरिकेतल्या रुग्णांचे चार्ट वाचते. डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानाला आयसीडीचा, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा, कोड लावायचा, हे माझं काम. दर वर्षी १ ऑक्टोबरला नवे कोड लागू होतात. त्यातला २०११ चा बदल मला फार मोलाचा वाटतो.

न्यूमोथोरॅक्स म्हणजे फुफ्फुसाभोवती हवा साठून ते दबणं. २०११ च्या बदलापर्यंत आपसूक झालेल्या न्यूमोथोरॅक्सला, 'टेन्शन न्यूमोथोरॅक्स' हा प्रकार सोडला तर, ५१२.८ हाच कोड असे. एरवी ठणठणीत असलेला शिडशिडीत तरुण आणि धूम्रपानाने फुफ्फुसं पोखरलेले आजोबा एकाच आकड्यात बसत. मग भाग पडले: आधीचा आजार नसेल तर ५१२.८१, असेल तर ५१२.८२. शस्त्रक्रियेनंतर हवा गळत राहिली तर ५१२.२. अमेरिकेत २०१५ मध्ये आयसीडी-१० लागू झालं, तेव्हा पहिले दोन भाग जे९३.११ आणि जे९३.१२ झाले.

एका चार्टच्या डिस्चार्ज समरीत एवढंच होतं: 'उजवं फुफ्फुस कोलॅप्स.' श्वासनलिकेची फांदी चोंदून फुफ्फुसाचा भाग मिटला, तरी कोलॅप्सच म्हणतात. पण ते अ‍ॅटेलेक्टॅसिस, जे९८.११. इथे एक्स-रेत फुफ्फुसाबाहेर हवा होती, नर्सच्या नोंदीत छातीच्या नळीच्या बाटलीतले बुडबुडे होते, जुन्या आजारांत एम्फिसिमा, म्हणजे फुफ्फुसं पोखरणारा आजार, होता. सगळे धागे समोर होते, पण ते जोडायचा अधिकार डॉक्टरांचा. मी क्वेरी पाठवली. तिच्यात उत्तर सुचवायचं नसतं, फक्त नोंदी मांडून विचारायचं. उत्तर आलं: न्यूमोथोरॅक्स, एम्फिसिमामुळे. मग आधी एम्फिसिमाचा कोड, त्यामागे जे९३.१२.

माळवाडीतली काही मुलं कोडिंगच्या परीक्षेसाठी माझ्याकडे येतात. त्यांना मी आधी हाच चार्ट समजावते. आपल्याकडे क्षयरोगानेही फुफ्फुस फुटतं, अपघातात बरगडी घुसूनही फुटतं. मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यावर नुसतं 'हृदय व श्वसन बंद पडलं' लिहिलं, तर क्षयही मोजला जात नाही आणि अपघातही. जे मोजलं गेलं नाही, त्यासाठी औषधं, खाटा, डॉक्टर कशाच्या आधारावर मागायचे? म्हणून माझी डॉक्टरांना कळकळीची विनंती आहे: 'कशामुळे' हे एका ओळीत का होईना, जरूर लिहा.