सहा मिलिसेकंदांचा भरवसा

७ ऑक्टोबर २०२५, मंगळवार. डोंबिवली.
काल कोजागरी. सोसायटीच्या गच्चीवर दूध आटत होतं, गरबा रंगात आला होता, डीजे मी होतो. सव्वानऊला गाणं तुटलं. आधी खरखर, मग एकच तुकडा पुन्हा पुन्हा, मग शांतता. लॅपटॉप बंद करून परत चालू करेपर्यंत चार मिनिटं गेली. तोवर बायका कठड्याशी जाऊन बसल्या होत्या. उठल्या, पण तसा फेर पुन्हा धरला गेला नाही. दहाला आवाज थांबवायचा असतो, म्हणजे रंग भरायला उरलाच किती वेळ! कुणी रागावलं नाही. काकांनी ठरलेलं पाकीट दिलं. ते घेताना मान वर करवेना.

लॅपटॉप नऊ वर्षांचा आहे. चार जीबी रॅम, आत फिरती हार्ड डिस्क. लग्नाच्या मोसमातली पहिली हळद २२ नोव्हेंबरला. त्याआधी दुसरा घ्यायचाच. हातात पंचवीस हजार आहेत.

९ ऑक्टोबर, गुरुवार.
दोन दिवस एकाच प्रश्नामागे होतो : गाणं का तुटलं? सिनेमा तर त्याच लॅपटॉपवर नीट चालतो.

कागदावर हिशेब मांडला तेव्हा उमगलं. गाण्याच्या एका सेकंदात ४४,१०० नमुने असतात. लॅपटॉप ते कंट्रोलरला, म्हणजे गाणी जुळवायच्या यंत्राला, घासाघासाने भरवतो. माझा घास २५६ नमुन्यांचा. २५६ भागिले ४४,१००, म्हणजे जेमतेम सहा मिलिसेकंद. तेवढ्यात पुढचा घास तयार नसला की आवाज फाटतो. सिनेमाचा पुढचा भाग आधीच साठवून ठेवता येतो. इथे माझा हात जॉगवर, म्हणजे कंट्रोलरच्या चकतीवर असतो, पुढे काय वाजणार ते त्या क्षणी ठरतं.

घास १०२४ चा केला तर लॅपटॉपला तेवीस मिलिसेकंद मिळतात. पण मग बटण दाबल्यावर ठोका मागे पडतो आणि दोन गाणी जुळवताना हात चाचपडतो.

म्हणजे मला वेगवान लॅपटॉपपेक्षा न अडखळणारा लॅपटॉप हवा. तासाभरात एकदा जरी तो वीस मिलिसेकंद दुसऱ्याच कामात गुंतला, तरी मांडवातल्या सगळ्यांना ते ऐकू येतं.

१३ ऑक्टोबर, सोमवार.
शोरूम पाहून आलो. पंचवीस हजारांत नवे मिळतात, पण प्रोसेसर अगदी खालच्या पायरीचे, आणि त्यातल्या दोनांत रॅम बोर्डालाच जोडलेली, पुढे वाढवायची सोय नाही. गेमिंगचे लॅपटॉप माझ्या आवाक्याबाहेर.

आमच्या डीजेंपैकी एक जण २०२० च्या एम-१ मॅकबुक एअरवर वाजवतो. त्यात पंखाच नाही, आवाजाची व्यवस्था मुळातच चोख, बॅटरी भरपूर. हात फिरवून पाहिला, मन गेलं. पण वापरलेलाही माझ्या पैशांत बसेना. शिवाय रॅम जन्मभर तेवढीच, आणि दोनच टाइप-सी पोर्ट, म्हणजे कंट्रोलरची वायर मध्ये जोडणी घालून लावायची. जिथे जोड, तिथे धोका. पैसे असते तर तोच घेतला असता, हे मात्र खरं.

उरला एकच रस्ता : कंपन्यांनी तीन-चार वर्षं वापरून काढून टाकलेले ऑफिसचे लॅपटॉप. दिसायला काळे ठोकळे, पण रोज बॅगेतून न्यायलाच बनवलेले.

१४ ऑक्टोबर, मंगळवार.
आजपासून विंडोज १० ला नेहमीचा आधार बंद. ताईचा ऑफिसातून फोन : “अरे, आता स्वस्त म्हणून काहीही उचलू नकोस. विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालतं.”

मग पिढ्यांचं गणित बसवलं. सातव्या पिढीतल्या आय-५ ७२००यू मध्ये दोन कोअर, आठवीतल्या आय-५ ८२५०यू मध्ये चार. एका पिढीत दुप्पट. नावात दोन्हीकडे आय-५च. ठरलं, आठव्याच्या खाली उतरायचं नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार. लॅमिंग्टन रोड.
सकाळी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो. पाठीवर डीडीजे-४०० कंट्रोलर, हेडफोन, गाण्यांचा पेन ड्राइव्ह.

पहिल्या दुकानात चकचकीत लॅपटॉप पुढे आला. “भाऊ, आय-सेव्हन आहे, डोळे झाकून घ्या.” पाहिलं तर सहावी पिढी. कंट्रोलर लावू का विचारलं, तर म्हणाले, आधी बिल, मग वायर. नमस्कार करून निघालो.

चौथ्या दुकानात थिंकपॅड टी-४८० मिळाला. आय-५ ८२५०यू, आठ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी. दुकानदार वयस्कर. “लावा ना, घाई नाही,” म्हणाले आणि स्टूल पुढे सरकवलं. एक तास वाजवलं. मी काय काय पाहिलं ते लिहून ठेवतो, पुढच्या वेळी उपयोगी पडेल.

यूएसबीच्या दोन्ही पोर्टांत वायर घालून हलवली. कंट्रोलरला वीज आणि आवाज दोन्ही तिथूनच, पोर्ट ढिलं असेल तर सगळंच बसतं. चार्जर लावून आणि काढून हेडफोन ऐकला. चार्जर लावताच घूंऽ असा आवाज आला असता, तर तो स्पीकरवर शंभर पटीने ऐकू आला असता. बॅटरीचा अहवाल काढला, मूळ क्षमता किती आणि आज किती भरते ते त्यात कळतं. याला दोन बॅटऱ्या, एक आत आणि एक बाहेरून निघणारी. बाहेरची चालू लॅपटॉपमध्ये बदलता येते. शेवटी पंख्याच्या जाळीशी हात धरला. गरम हवा जोराने बाहेर येत होती, म्हणजे आत कोंडत नव्हती.

एकोणीस हजार पाचशे. एक महिन्याची हमी. पैसे मोजले.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन.
आईने वहीशेजारी लॅपटॉप ठेवला, हळदकुंकू वाहिलं. म्हणाली, “याच्यावर घर चालतं, मग याचीही पूजा.”

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज.
ओवाळून झाल्यावर ताईच बसली. सगळं पुसून विंडोज ११ नव्याने टाकलं. कंट्रोलरचा एएसआयओ ड्रायव्हर, व्हर्च्युअल डीजे आणि गाणी, एवढंच आत. झोपण्याची सोय बंद, वीज वाचवण्यासाठी यूएसबी पोर्ट निजवण्याची सोयही बंद.

मग लेटन्सीमॉन नावाचा प्रोग्रॅम चालवला. आवाज कोण अडवतंय ते हा दाखवतो. वाय-फायचा ड्रायव्हर मधूनमधून लाल पट्टी ओढत होता. वाय-फाय बंद केलं, पट्टी हिरवी. माझ्या जुन्या लॅपटॉपवर तर वाय-फाय कायम चालूच असायचं. कोजागरीचा दोष सगळाच त्याचा नसावा, थोडा माझाही होता.

२ नोव्हेंबर, रविवार.
आजपासून तुळशीची लग्नं. आमचा मोसम उघडला.

रॅमची एक जागा रिकामी होती, तिथे वापरलेली आठ जीबीची पट्टी बसवली. दोन हजार शंभर रुपये. गाणी भरली. ३२० केबीपीएसचं पाच मिनिटांचं गाणं सुमारे बारा एमबी होतं. माझी ६,४०० गाणी पंचाहत्तर जीबीत मावली. मोठ्या एसएसडीसाठी पैसे घातले असते तर वाया गेले असते.

गाण्यातून गायकाचा आवाज आणि ढोलकी वेगळी काढण्याची करामत, ज्याला स्टेम्स म्हणतात, तीही करून पाहिली. इथे मात्र टी-४८० धापा टाकतो. ती गाणी घरीच आधी सोडवून ठेवता येतात, तेव्हा निवडक चाळीस गाणी तशी तयार केली. मांडवात त्याच्याकडून हे काम करून घ्यायचं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार.
खिडक्या बंद करून खोलीत चार तास सलग वाजवलं. घास २५६ चाच. एकदाही फाटलं नाही. तरी फोनमध्ये दोन तासांची गाणी भरून मिक्सरला वेगळी वायर लावून ठेवणार. कोजागरीला तेवढं केलं असतं तर चार मिनिटं दहा सेकंदांवर आली असती.

२३ नोव्हेंबर, रविवार. सकाळ.
काल भिवंडीकडच्या एका आगरी घरात हळद. सातला सुरुवात केली. आठला धवलारीण आजी धवला, म्हणजे लग्नाची पारंपरिक गाणी, म्हणायला बसल्या. मी फेडर खाली घेतला. पंचवीस मिनिटं मांडवात फक्त त्यांचा आवाज. पूर्वी अशा वेळी माझा लॅपटॉप निजायचा आणि जागा होताना कंट्रोलर विसरायचा. काल आजींनी शेवटचा शब्द म्हटला आणि मी फेडर वर नेला, ठोका जागेवर पडला. नवरदेवाची मावशी पहिली उठली.

नऊला जनरेटर बसला. सगळीकडे काळोख. लॅपटॉप आणि कंट्रोलर बॅटरीवर चालूच. गाणं जिथे होतं तिथे थांबवून ठेवलं. वीज आल्यावर अॅम्प्लिफायर सुरू केला आणि गाणं त्याच ओळीवरून पुढे गेलं. दहाला पाच कमी असताना थांबलो. तीन तासांत लॅपटॉपमुळे आवाज एकदाही तुटला नाही.

आपल्या धंद्यात नव्याने येणाऱ्या पोरांना एवढंच सांगेन : दुकानात जाताना आपला कंट्रोलर बरोबर न्या. जो दुकानदार तासभर वाजवू देईल, त्याच्याकडूनच घ्या. आठवी पिढी किंवा पुढची, एसएसडी, शक्यतो सोळा जीबी रॅम, घट्ट पोर्ट. माझे एकूण एकवीस हजार सहाशे रुपये लागले.